आक्षेप क्रमांक चौदाचा खुलासा

महोदय,
लेखाशीर्ष 'जगाची ओळख', मंजूर नऊ हजार चारशे.
पृथ्वीगोल एक. नकाशे तीन,
पैकी एक उंदरांनी खाल्ला, अटलांटिकपासून सुरुवात करून.
उरलेले झेरॉक्सचे. पावत्या सोबत जोडल्या आहेत.

आपली विचारणा अशी की
घणसोलीच्या पालिका शाळेचा
काँगोतल्या खाणीशी संबंध काय.

सातवी ब. मी सांगत होते,
मोबाइलमधला कोबाल्ट कुठून येतो,
कुणाचं गाव उठवून.
एरवी हजेरीपुरतं बोलणारी करिश्मा मढवी
मागच्या बाकावरून उठली:
"बाई, त्यांना साडेबारा टक्के भेटले काय?"

कुणी हसलं नाही.
तिच्या घरची फाइल
सिडकोत कितव्या टेबलावर आहे
हे अख्ख्या आळीला पाठ.
मग कुणीतरी विचारलं, तिथली भात-खाचरं कशी असतात,
खाडी असते का,
मोजणीला माणसं येतात तेव्हा बायका काय करतात.
मला अर्ध्याची उत्तरं येत नव्हती.
मधली सुट्टी वाजून गेली.

'निष्पत्ती' हा रकाना
मी कोराच ठेवला आहे.
फक्त पृथ्वीगोलावर, आफ्रिकेच्या मधोमध,
बोटं टेकून टेकून रंग उडालाय.
तेवढा घसारा
मंजूर व्हावा, ही विनंती.