अकरा सेंटिमीटर

विभागातला डम्पी लेव्हल माझ्या बाबांच्या वयाचा.
त्यातून बघितलं की जग उलटं दिसतं:
रेहाना जमादार स्टाफ धरून
आभाळात पाय रोवून उभी,
तिच्या डोक्याखाली ढग,
आणि उसानं भरलेली ट्रॉली चाकं वर करून
निवांत निघून जाते,
एक कांडंही खाली पडत नाही.

"हलू नको गं," मी ओरडते.
"म्हशीला सांग की," ती म्हणते.

एम.ए. भाग दोन, क्षेत्र-अभ्यास, गाव चिखली.
बाबा केएमटीत कंडक्टर होते.
त्यांचा भूगोल टप्प्यांचा:
गंगावेश, शिवाजी पूल, वडणगे फाटा, आंबेवाडी.
तिकिटाचा रंग बदलला की अंतर बदललं.
प्रवेश घेतला तेव्हा म्हणाले,
"चिखली कुठं आहे ते मला ठाऊक आहे.
तू दोन वर्षं फी भरून ती परत कशाला शोधतीस?"
आणि पासचे पैसे टेबलावर ठेवले,
सुट्टे, मोजून.

सकाळी शाळेच्या पायरीवरून सुरुवात केली.
पायरीला आकडा दिला, खडूनं फुली मारली.
मग एकेक ठाणं: पिंपळाचा पार, दूध संस्था,
पाण्याची टाकी, आणि चौथं
अक्काताई कळक्यांचा उंबरा.

अक्काताईंनी आम्हाला आत नेलं.
भिंतीवर कोळशाच्या दोन रेघा.
"ही पाचाची. ही एकोणीसाची."
म्हणजे सालं. उंची त्यांनी कधी मोजली नव्हती.
वरची रेघ माझ्या कपाळाला लागली.
"रंग काढताना पोरगा पुसायला निघाला,
मी म्हटलं, ऱ्हाऊ दे, पाव्हण्याला
कुठवर बसायचं ते कळंल."
चहात गूळ होता. रेहानानं दोनदा घेतला.

टोपोशीटवर हे घर नाही.
वीस मीटरला एक समोच्च रेषा,
दोन रेषांच्या मधे अख्खं गाव मावतं,
भिंती, गोठे, कोळसा, चहा, सगळं
एका फिकट मोकळ्या जागेत.

नऊ ठाणी करून उन्हं कलताना
परत शाळेच्या पायरीवर आलो.
तीच पायरी. तीच फुली.
वहीत मात्र ती सकाळपेक्षा
अकरा सेंटिमीटर खाली गेली होती.

बेरजा तीनदा केल्या.
रेहाना म्हणाली, पायरीच खचली असंल.
शाळा सुटली, पोरं तिच्यावरून उड्या मारत गेली,
पायरीला काहीच झालं नाही.

बिरंजे सर वही बघून हसले.
"निघालीस तिथंच परत आलीस तरी
आकडा तोच येत नसतो.
चूक वाटून टाक. प्रत्येक ठाण्याला थोडी,
जसं पुढं जाशील तशी वाढवत."

रात्री खोलीवर वाटायला बसले.
पाराला एक, दूध संस्थेला दोन,
टाकीला चार.
अक्काताईंच्या उंब्र्याला पाच आले.
म्हणजे मी पेन्सिलीनं त्यांचं घर
पाच सेंटिमीटर उचललं,
भांडीकुंडी, देव्हारा, कोळशाच्या रेघांसकट.
कुणाला आवाजही आला नाही.

पाच सेंटिमीटर म्हणजे उंब्र्याची निम्मी उंची.
पाच सेंटिमीटर म्हणजे
गादी भिजते की नाही भिजत.
सूत्र बरोबर आहे. पुस्तकात आहे.
मी दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा
तोच आकडा लिहिला
आणि समासात अगदी बारीक अक्षरात:
उंबरा प्रत्यक्ष पाहावा.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी
नेमकं तेच पान उघडलं.
"हे काय? हा शेरा कुठल्या पद्धतीत बसतो?"
खिडकीबाहेर मोर ओरडला.
मी म्हणाले, सर, चहा पण होता.

ते काय समजले कोण जाणे.
गुण बरे पडले.

परवा बाबांना घेऊन चिखलीला गेले.
बसमधून उतरताना ते थबकले,
शेवटच्या पायरीवरून रस्त्याकडे बघत राहिले.
"रस्ता वर आलाय काय गं?
का मीच खाली गेलोय?"

मागून कुणीतरी म्हणालं, उतरा की हो आजोबा.