नोयाची ओहोटी

रविवारी मुरोसची बस नसते
हे अख्ख्या नोयाला ठाऊक होतं, मला सोडून.
तासभर थांब्यावर बसले.
पाऊस असा, की पडतोय म्हणवत नाही,
नुसता चष्म्यावर साचतो.
मग परत एउदोसियाबाईंच्या दारात.
त्यांनी काही विचारलं नाही.
कोबी-बटाट्याचं कढत सार वाढलं
आणि पाव असा, की सुरीला घाम फुटावा.

सोमवारी बस होती.
मी गेले नाही.

सकाळी खिडकीतून पाहिलं तर समुद्र नव्हता.
काल जिथे होड्या डुलत होत्या
तिथे गाळ, होड्या कुशीवर निजलेल्या,
आणि बायका, शंभरएक, जास्तही असतील,
छातीपर्यंत रबरी विजारी, हातात लांब दांड्याचे पंजे,
वाकलेल्या, ओरडून एकमेकींना हसवणाऱ्या,
भातलावणीच्या खाचरात असतात तशा.

साबेला ही एउदोसियाबाईंची भाची.
तिने मला तिच्या आईचे बूट दिले, दोन नंबर मोठे.
दहाव्या पावलाला एक गाळात राहिला,
मी पुढे, पाय अधांतरी.
बायकांनी मला जे नाव ठेवलं
ते साबेलाने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

तिच्या गळ्यात दोरीला एक पितळी कडी.
शिंपली कडीतून खाली पडली तर परत गाळात,
अडकली तर टोपलीत.
आमच्या तिसऱ्यांची गुबगुबीत मावसबहीण ही,
अंगभर रेघारेघा.

मी सव्वीस वर्षं मोजणी खात्यात काढली.
साखळी, टेप, मग ते तिपाईवरचं यंत्र,
बांध सरकवणारे भाऊ,
खुणेचा दगड रातोरात उपटणारे काका.
कडी पाहून हात शिवशिवले.
तिच्या फोनमध्ये मराठीत बोलले, फोन तिच्याशी बोलला,
निम्मं तरी चुकीचं असणार:
ही जमीन कुणाची?
सहा तास जमीन, सहा तास पाणी,
हिचा सातबारा लिहितात कसा?

साबेलाने पंजा टेकवला. जरा थांबली.
जमिनीचं माहीत नाही, म्हणाली,
ओहोटी माझी आहे.
आणि खिशातून परवाना काढून दाखवला,
फोटोत ती सोळा वर्षांनी तरुण आणि रागावलेली.

पाणी परतलं ते पाठीमागून,
घोट्यांना आधी कळलं.

दुपारी एकटीच सांता मारियाच्या दफनभूमीत.
जुन्या थडग्यांच्या शिळा तिथे ओळीने मांडलेल्या,
नावं नाहीत, नुसती अवजारं.
कात्री कोरली तो शिंपी, कुऱ्हाड तो सुतार,
नांगर, होडीचा, तो खलाशी.
एकीवर काहीच नाही, किंवा होतं ते झिजलं.
बोट फिरवून पाहिलं. थंड, ओलं,
खडबडीतसुद्धा नाही.

रात्री साबेलाला विचारलं, तू जातेस का तिथे?
शाळेच्या सहलीला गेले होते, म्हणाली,
मला भूक लागली होती.

निघण्याआधी सवयीने मी ते आवार
पावलांनी मोजलं होतं
आणि बसच्या तिकिटामागे आकडे लिहिले होते,
रविवारच्या, न वापरलेल्या.

मंगळवारी मुरोस पाहिलं. छान आहे.
कमानी, ओले कठडे, एक लठ्ठ मांजर.

परवा कोटाच्या खिशात तिकीट सापडलं.
बहात्तर. एकतीस. खाली रेघ, गुणाकार केलेला.
काय मोजलं ते लिहिलेलं नाही.
दिव्याखाली धरलं, उलटंसुलटं केलं,
बराच वेळ आठवेना.
मग नाकाशी नेलं.