उजवा गुडघा

रात्री दोनला माझा कॉम्प्युटर
गिरणीसारखा दळायला लागायचा.
मी कुणाच्या तरी बंगल्याचे जिने काढत बसलेली,
पडद्याच्या पलीकडे आई उठून बसायची.
म्हणायची काही नाही.
घणसोलीत आमची खोली एक,
झोपा तीन.

एका रविवारी बाबांनी कॅबिनेटचं झाकण काढलं.
सव्वीस वर्षं रबाळ्याला प्रेसवर,
दोन्ही कान तिथेच ठेवून आलेला माणूस.
स्क्रूड्रायव्हरचं टोक पंख्याच्या मध्यावर टेकवलं,
मूठ कानामागच्या हाडाला,
डोळे मिटले.
बेअरिंग कोरडं आहे, बाय, म्हणाले,
आणि हा पळतो फार. कोण लागलंय याच्या मागे?

मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, स्टिकर सोलून.
सायकलच्या ट्यूबच्या चकत्या स्क्रूंखाली,
पत्रा थरथरू नये म्हणून.
धाकटा पंखा निघाला, भंगारातला थोरला आला,
बारा व्होल्टचा, पण सातावर जोडलेला:
सावकाश फिरेल, वारा तेवढाच देईल.
आता वाऱ्याला वाट हवी, नेमकी प्रोसेसरपर्यंत.
पुठ्ठ्याचं नळकांडं मऊ पडलं,
तुपाचा डबा कापला तर तोच वाजायला लागला.
शेवटी कपाटावरचं पाकीट उतरलं.
यमुना घरत, वय चोपन्न, उजवा गुडघा.
न्या, आई म्हणाली,
डॉक्टरने तरी कुठे नीट बघितला!

ब्याऐंशीपर्यंत चढणारा आकडा
चौसष्टला थांबला, तिथेच बसून राहिला.
आवाज गेला तेव्हा कळलं,
भिंतीवरचं घड्याळ एवढे दिवस बोलतच होतं.

बाबांनी कॅबिनेटवर तळवा ठेवला.
चालू आहे, स्वतःलाच म्हणाले.
आई झोपलेली, मोठ्याने विचारता येईना,
म्हणून मी जिन्याच्या नकाशावरच
ठळक अक्षरांत टाइप केलं:
तुम्हाला तर हा ऐकूच येत नव्हता, मग?

चष्मा वर करून त्यांनी वाचलं.
पक्कड पिशवीत टाकली, पकडीमागे उरलेली ट्यूब.
ती उठून बसायची, म्हणाले.
दिसायचं.

ते झोपल्यावर मी अक्षरं पुसली.
झाकण अजून उघडंच होतं,
आतला निळा दिवा त्या फिल्ममागे
आणि आईच्या हाडांमधून वारा जात होता, बिनबोभाट.
मी परत जिन्याकडे वळले.
सात इंचांच्या पायऱ्या होत्या,
सहावर आणल्या.