वजाबाकी

विलमेट खोऱ्यात जून.
गवत फुलोऱ्यावर, हवा पिवळसर,
आणि टिली रात्रभर पंजे चाटते.

व्हर्लिननं चाळीस वर्षं हेच गवत पेरलं,
बी विकून घर बांधलं.
आता त्याचीच कुत्रीला खाज.

डॉक्टरीण फोनवर म्हणाली:
डबीवरचं बारीक अक्षर वाचा,
चोंदलेलं नाक मोकळं करणारं काही त्यात मिसळलेलं नको,
कुत्र्यांना ते बाधतं.
आणि वजन कळवा, मग गोळी ठरवू.

फडताळात डबी आहे. आर्डिसची.
जूनभर शिंकायची ती.
मुदत उलटलेली;
तो ती परत जागच्या जागी ठेवतो,
दुकानातून नवी आणतो.

न्हाणीघरातल्या काट्यावर
टिलीला कवेत घेऊन उभा राहतो,
मग तिला उतरवून एकटा.
विजेच्या बिलामागे वजाबाकी:
टिली एक्केचाळीस पौंड.
हातचा धरला ना? पुन्हा बघतो.
टिलीचं बरोबर आहे.
भरलाय कमी
तो स्वतः.

चीजमध्ये लपवलेली गोळी.
टिली चीज गिळते,
गोळी फरशीवर काढून ठेवते, ओली, अख्खी.
तो दुसरा तुकडा कापतो, जाड, तिच्यासाठी;
आणि आणखी एक,
उभ्याउभ्याच,
आपल्यासाठी.