टॅपेट

तापकीर गल्लीतला दुकानदार म्हणाला,
कार्ड जुनं आहे, पण चालवून बघितलंय.
बाबांनी ते नाकाशी धरलं, वास घेतला,
पिंपरीत गिअरबॉक्सचा घ्यायचे तसा.

धनकवडी. बुधवार, रात्रीचे पावणेबारा.
गुरुवारी आमच्याकडे वीज जाते, म्हणून घाई.
पेनड्राइव्हमध्ये लिनक्स,
गेम खेळणाऱ्यांसाठी मुद्दाम केलेलं, फुकट.
"फुकट? मग पोट कसं भरतं त्यांचं?"
मला नीट सांगता आलं नाही.

पहिल्यांदा पडदा काळा.
दुसऱ्यांदाही.
मग बाबांनीच कॅबिनेट उघडून
रॅमची पट्टी अंगठ्याने दाबली,
टक्.

चौसष्ट टक्क्यांवर अडकलं, तेव्हा चहा टाकला.
आतल्या खोलीतून आई, झोपेतच:
"लागलं का गं एकदाचं लग्न?"

दोन वाजता लागलं.
पहिला खेळ ट्रकचा. बाबांनी चष्मा पुसला,
गाडी घाटात घातली,
आणि दुसऱ्याच वळणावर कडेला घेऊन उभी केली.
इंजिन चालूच.
मान तिरकी, कान स्पीकरला.

"टॅपेट वाजतंय," म्हणाले.
"कुणी बसवलंय हे?"