खरं

आमच्या खानापूर भागात 'पण' म्हणत नाहीत,
'खरं' म्हणतात.
येतो म्हणाला, खरं आला नाही.
कापड चांगलं आहे, खरं रंग जातो.
बाहेरच्याला वाटतं
आम्ही दर वाक्याला शपथ घेतोय.

तर फोन चांगला आहे.
मस्कतहून रवळूनं आणला, थोरल्या बहिणीच्या पोरानं,
दोन बनियनांत गुंडाळून, खजुराच्या डब्याखाली.
पाठ इतकी गुळगुळीत की मशीनच्या पाटावरून घसरतो,
म्हणून त्याला खणाच्या तुकड्याची पिशवी शिवली,
आतून अस्तर लावून.

खरं माझ्या जुन्या कंपनीची रेंज
ओढ्याच्या पलीकडेच थांबते, पाय भिजतील म्हणून.
नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची ठरवली.
चौदा वर्षं दुकानाच्या पाटीवर हाच नंबर आहे.
पेंटरनं सात असा काढलाय की एक वाटतो,
तरी बायका बरोबर लावतात.

स्टँडसमोर ईरय्याचं दुकान.
त्यानं पिन टोचली, नवं सिम सरकवलं, दोघांनी वाट बघितली.
पडद्यावर इंग्रजीत एक ओळ.
"लॉक आहे अक्का. मस्कतच्या कंपनीचा.
दुसऱ्याचं सिम घेत नाही."
"खरं फोन माझा आहे की."
"फोन तुमचाच. आतलं कुलूप त्यांचं."

रवळूनं तिकडे अर्ज केला.
त्यांनी बिल मागितलं.
बिल त्यानं खोली बदलताना टाकून दिलेलं.

इकडे जुन्या कंपनीनं मला सोडलं.
सोडताना कन्नडात मेसेज धाडला.
शेजारचा भरमा चौथीत आहे, कन्नड शाळेला,
त्यानं बोट ठेवून वाचला.
"धन्यवाद लिहिलंय."
"आणि?"
"आणि काय नाही. धन्यवादच."
त्याच रात्री जुन्या डबड्याची बॅटरी फुगली
आणि पाठीचं झाकण उडालं.

एकोणीस दिवस माझा नंबर
बॉबिनच्या डब्यात पडून होता,
हुक आणि तुटक्या सुयांच्या संगतीत.
जांबोटीहून यशोदा लग्नाची चार ब्लाऊजं घेऊन आली,
दारातूनच ओरडली,
"रोज बंद, बंद सांगत्यात गं,
वारलीस काय म्हणून बघाय आले!"
मापं घेताना दोघी हसत होतो.
नंतर बाकीच्यांची आठवण झाली,
ज्या बघायला आल्या नाहीत.

विसाव्या दिवशी कोड आला, सोळा आकडी.
ईरय्यानं एकेक आकडा मोठ्यानं म्हटला, मंत्रासारखा,
आणि कुलूप निघालं.
फोटो आले, व्हिडिओ आले,
रवळूच्या खोलीतला कूलरसुद्धा दिसला.
खरं साधा फोन काही लागेना.
कस्टमर केअरला ईरय्याच्या फोनावरून लावला.
कन्नडसाठी एक, हिंदीसाठी दोन.
तिसरा आकडा येईल म्हणून थोडी थांबले,
मग दोन दाबलं.
बाई गोड होती. म्हणाली,
आपका हँडसेट हमारी लिस्ट में नहीं है.

आता असं झालंय:
मोरीपाशी उभी राहिले की एक काडी,
परड्यात फणसाखाली गेले की तीन,
खरं त्या पलीकडच्या टॉवरच्या.
लगेच मेसेज, महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे.
तेवढ्यासाठी किती माणसं म्हातारी झाली इथं,
आणि मी हातात शेणाची पाटी घेऊन
दिवसातून चारदा जाऊन येते.
बोलणं तिथंही लागत नाही.

शेवटी ईरय्याकडून बटणाचा फोन घेतला, बाराशेचा.
सिम त्यात घातलं. तो बोलतो.
मस्कतचा फोन खणाच्या पिशवीत असतो,
भरमाच्या घरचं वायफाय भिंतीतून जेवढं झिरपतं तेवढ्यावर.

काल त्याच्यावर रवळू दिसला.
बारा वर्षं झाली त्याला तिकडे,
बोलताना आता 'पण' म्हणतो.
"मावशी, फोन कसा चाललाय?"
"छान चाललाय," मी म्हटलं, "खरं—"
आणि चित्र थिजलं,
त्याचं तोंड अर्धं हसऱ्यात.

थोड्या वेळानं त्याचा मेसेज आला:
खरंच ना? बरं वाटलं.