चराच्या काठावर

बोलोन्यात, आमच्या गल्लीत नळासाठी चर खणलाय.
नेव्हिओ आठच्या ठोक्याला हजर;
हात पाठीमागे, एकात एक गुंतवलेले,
चाळीस वर्षं लेथवर राबलेली ती बोटं
कुणी परत कामाला लावू नयेत म्हणून.

"उतार चुकलाय," तो पुटपुटतो.
इर्नेरिओ मान डोलावतो.
(तो आयुष्यभर टपालाची तिकिटं विकत होता.)

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो म्हणे.
हे दोघं तर भिंतीलाही हात लावत नाहीत,
नुसते बघतात:
माती किती निघाली, कोण दमला, पाईप कुठल्या रंगाचा.

रात्री दिर्चे विचारते, काय केलंस दिवसभर?
"अडीच मीटर," तो सांगतो, आणि सूप फुंकतो.

आज जेवण उरकून द्रिस
चरातच फावड्याला टेकला.
त्याची सुटी बारा मिनिटांची,
त्यातलं एक डोळे मिटायला, एक उघडायला.
इर्नेरिओ काही बोलणार,
तोच नेव्हिओनं पाठीमागचा हात सोडवून
ओठांवर बोट ठेवलं.

मग दोघं जरा डावीकडे सरकले,
त्याच्या तोंडावरचं ऊन अडेल इतकेच.